इलियड आणि ग्रीक शोकांतिका कॉलेजच्या पेपरासाठी कशा वाचाव्यात

प्रश्न थोडक्यात असा: बी.ए.ला इंग्रजी विषय, अभिजात साहित्याच्या पेपरात होमरचं ‘इलियड’, एस्किलसचं ‘आगामेम्नॉन’, सोफोक्लीसचं ‘ईडिपस’ आणि युरिपिडीसचं ‘मेडिया’, सगळं इंग्रजी अनुवादातून. हातात चौदा आठवडे आहेत. नावं डोक्यात राहत नाहीत, इलियडचा पाचवा सर्ग संपता संपत नाही. गाइड वाचून पेपर लिहिला तर चालेल का?

नाही चालणार, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. गाइडमधून गोष्ट मिळते, आणि गोष्ट तर अथेन्सच्या प्रेक्षकाला नाटक सुरू व्हायच्या आधीच पाठ होती. ईडिपसनं बापाला मारलं, आईशी लग्न केलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे सीतास्वयंवराच्या कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला धनुष्य कोण मोडणार हे घरून निघतानाच माहीत असतं. तो येतो बुवा आख्यान कसं लावतात हे ऐकायला. हा पेपरही तसाच आहे. कुठली गोष्ट कुठे सांगितली, कुणाच्या तोंडून, ती ऐकताना कोण उभं होतं आणि कोण गप्प होतं, एवढं टिपायची सवय लागली की निम्मा अभ्यास झाला.

आधी पुस्तक नीट निवडा, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. इंटरनेटवर फुकट मिळतो म्हणून अनेकजण सॅम्युएल बटलरचा १८९८चा गद्य अनुवाद उतरवून घेतात. त्यात देवांची नावं रोमन आहेत: झ्यूसचा जोव्ह, हेराची ज्युनो, अथीनाची मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसिस. वर्गात एक नाव, हातात दुसरं, मग नावं लक्षात राहणार कशी? पोपचा अठराव्या शतकातला अनुवाद यमकांत बांधलेला आहे, वाचायला सुंदर, पण उताऱ्यावर टिपण लिहायला निरुपयोगी. अभ्यासाला रिचमंड लॅटिमोरचा (१९५१) घ्या. त्याच्या ओळी मूळ ग्रीक ओळींशी जवळजवळ जुळतात, त्यामुळे टीकाकारांनी दिलेला ओळक्रमांक लगेच सापडतो. रॉबर्ट फेगल्सचा (१९९०) वाचायला जास्त वेगवान आहे, पण त्याच्या ओळी मूळापेक्षा जास्त होतात. ग्रीक क्रमांक पानाच्या वर छापलेला असतो, तो पाहायला विसरू नका. शक्य असेल तर लॅटिमोर टेबलावर आणि फेगल्स बसमध्ये, अशी वाटणी करा.

संदर्भ ‘सर्ग.ओळ’ असा द्यायचा, उदाहरणार्थ ६.४६६. पान क्रमांक देऊ नका. दुसऱ्या आवृत्तीत त्याचा उपयोग नाही.

आता वेळाचा हिशेब. इलियडच्या २४ सर्गांत मिळून सुमारे १५,७०० ओळी आहेत, म्हणजे एका सर्गात सरासरी साडेसहाशे. सावकाश वाचलं तरी एका सर्गाला तासभर पुरतो. आठवड्याला चार सर्ग धरले तर सहा आठवड्यांत इलियड संपतं. पुढे प्रत्येक नाटकाला दोन आठवडे: पहिल्या आठवड्यात एका बैठकीत सलग वाचन, दुसऱ्यात हातात पेन्सिल घेऊन. आगामेम्नॉन १,६७३ ओळींचं, ईडिपस १,५३०, मेडिया १,४१९. दोन-सव्वादोन तासांत कुठलंही संपतं, आणि पहिल्यांदा ते सलगच वाचायला हवं, कारण ते एका बैठकीत पाहण्यासाठीच लिहिलेलं आहे. उरलेले दोन आठवडे लिहिण्याच्या सरावाला. वेळ फारच कमी पडला तर सर्ग १, ३, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ पूर्ण वाचा, बाकीच्यांचा सारांश बघा.

नावांचं भय बाळगू नका, कारण आपल्याला ही सवय महाभारतानं लावलेलीच आहे. अर्जुन, पार्थ, कौंतेय, धनंजय हे एकच, तसं अत्रिदीस म्हणजे अत्रेउसचा मुलगा (आगामेम्नॉन किंवा मेनेलाउस, संदर्भानं ओळखायचं) आणि पेलिदीस म्हणजे अकिलीस. अकियन, दानान आणि आर्गिव्ह ही तिन्ही नावं ग्रीक सैन्याचीच. पॅरिस आणि अलेक्झांड्रॉस एकच. आयास मात्र दोन आहेत. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत डावीकडे ग्रीक, उजवीकडे ट्रोजन अशी दहा-दहा नावं लिहून ठेवा, त्यापेक्षा जास्त नको. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी (४९४ ओळीपासून पुढे) नजरेखालून घातली तरी पुरे.

पाचवा सर्ग जड जातो कारण तो सगळ्यांत लांब आहे, ९०९ ओळी, आणि त्यात डायोमिडीस हा ग्रीक वीर एकामागून एक माणसं मारत सुटतो. तिथे मरणाऱ्यांची नावं पाठ करत बसू नका. मरताना ज्याच्याबद्दल होमर दोन ओळी थांबून काही सांगतो, तेवढ्यांवरच खूण करा. सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला (६.१२ पासून) आक्सिलस नावाचा माणूस मरतो. तो रस्त्याकाठच्या घरात राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचा पाहुणचार करायचा. पण त्यांपैकी एकही पाहुणा आज त्याच्या पुढे उभा राहिला नाही, असं होमर सांगतो, आणि डायोमिडीस त्याला आणि त्याच्या सारथ्याला मारतो. आक्सिलस पुन्हा काव्यात येत नाही. युद्धाबद्दल इलियडला काय म्हणायचं आहे यावर अशी तीन उदाहरणं घेऊन लिहिलेलं उत्तर सारांशाच्या चार पानांपेक्षा कितीतरी वजनदार होतं.

पुनरुक्तीचा कंटाळा येतो अशी तक्रार नेहमीची. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या गायकांची काव्यं ध्वनिमुद्रित केली आणि दाखवून दिलं की ठरलेली विशेषणं व ठरलेले प्रसंग ही तोंडी रचणाऱ्या कवीची हत्यारं असतात. ‘चपळ पायांचा अकिलीस’ बसलेला असला तरी चपळ पायांचाच राहतो, कारण ते विशेषण वृत्तात नेमकं बसतं. शाहिराला पोवाड्यात ठरलेल्या ओळींचा जसा आधार असतो, तसंच हे. पण परीक्षेत इथेच थांबलात तर उत्तर अर्धं राहतं. पुनरुक्तीचा खरा उपयोग ती मोडते तिथे होतो. शस्त्रं चढवण्याचा मोठा प्रसंग काव्यात चार वेळा येतो: पॅरिस (३), आगामेम्नॉन (११), अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस (१६), अकिलीस (१९). क्रम ठरलेला: पोटऱ्यांची चिलखतं, छातीचं चिलखत, तलवार, ढाल, शिरस्त्राण, भाला. पॅट्रोक्लस अकिलीसचं सगळं अंगावर चढवतो, फक्त त्याचा पेलिऑन पर्वतावरच्या लाकडाचा भाला उचलत नाही, तो अकिलीसशिवाय कुणाला पेलत नाही (१६.१४० पासून). वेश अकिलीसचा, पण ताकद नाही. ठरलेल्या क्रमात शेवटी एक गाळलेली वस्तू ठेवून होमरनं त्याचं मरण आधीच सांगून टाकलं आहे.

पहिल्या सर्गातलं भांडण ‘एका बाईवरून’ आहे असं लिहू नका. ग्रीक शब्द आहे गेरास, आणि मराठीत त्याला बिनचूक शब्द आहे: मानाचा वाटा. जत्रेत पहिला मान कुणाचा यावरून गावात पिढ्यान्‌पिढ्या का बिनसतं हे ज्याला कळतं, त्याला अकिलीसचा क्रोध समजायला टीप लागत नाही. अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान बाई ब्रिसिस, तिला आगामेम्नॉननं नेणं म्हणजे सगळ्या सैन्यादेखत दिलेला मान काढून घेणं. मात्र हे लिहिताना तिलाही विसरू नका. एकोणिसाव्या सर्गात (२८२–३००) ती एकदाच बोलते, पॅट्रोक्लसच्या देहापाशी, आणि आपला नवरा व तीन भाऊ कसे मारले गेले ते सांगते. ‘वाटा’ म्हणून मोजलेली बाई बोलते तेव्हा पहिल्या सर्गाकडे परत जाऊन पाहावं लागतं.

दुसरी नेहमीची चूक नशिबाबद्दल. मोइरा म्हणजे वाट्याला आलेला भाग. त्यात पूर्वजन्म नाही, कर्माचा हिशेब नाही. ‘हेक्टरला (ट्रॉयचा मुख्य वीर) त्याच्या कर्माचं फळ मिळालं’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की परीक्षकाला कळतं की इलियड वाचलेलं नाही. सोळाव्या सर्गात आपला मुलगा सार्पिडॉन मरताना पाहून खुद्द झ्यूस त्याला वाचवावं का असा विचार करतो. हेरा म्हणते, वाचव, पण बाकीचे देवही मग आपापल्या मुलांना वाचवतील. झ्यूस गप्प बसतो आणि रक्ताचा पाऊस पाडतो. मोइराबद्दल लिहायचं तर हा उतारा घ्या. तसंच अकिलीसची टाच, लाकडी घोड्यातून ट्रॉयमध्ये शिरणं, हे इलियडमध्ये कुठेही नाही. काव्य युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या सुमारे पन्नास दिवसांचं आहे आणि हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं.

महाभारताशी तुलना करायचा मोह होतो. जरूर करा, पण प्रसंगाला प्रसंग लावून. चोविसाव्या सर्गात हेक्टरसाठी त्याची बायको आंद्रोमकी, आई हेक्युबा आणि हेलन एकीमागून एक विलाप करतात. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमी पाहून कृष्णापुढे बोलते. गांधारीचा विलाप शापापाशी पोहोचतो. इलियडमध्ये शेवटचा विलाप हेलनला दिला आहे, जिच्यामुळे हे सगळं झालं तिला, आणि ती हेक्टर आपल्याशी कधी कठोर बोलला नाही एवढंच आठवते. असा फरक दाखवता आला तर तुलनेला अर्थ. ‘दोन्ही महाकाव्यं युद्धाची आहेत’ एवढ्यानं काही साधत नाही.

आता नाटकं. इथे मराठी वाचकाला पहिला अडथळा आपल्याच शब्दाचा आहे. ‘शोकांतिका’ म्हटलं की शेवट शोकाचा असणारच, असं आपण गृहीत धरतो. ग्रीक त्रागोदियाला ती अट नव्हती. आगामेम्नॉन हे ज्या ‘ओरेस्तेइया’चं पहिलं नाटक (इ.स.पू. ४५८, पूर्ण उरलेली एकमेव नाट्यत्रयी), तिचा शेवट सूडाच्या देवतांना मान देऊन मिरवणुकीनं होतो. युरिपिडीसच्या ‘ताउरिसमधली इफिजिनिया’मध्ये बहीण भावाला वेळेवर ओळखते आणि दोघं सुटतात. अ‍ॅरिस्टॉटल ‘पोएटिक्स’ या शोकांतिकेवरच्या आपल्या ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात अशाच ओळखीला सर्वोत्तम म्हणतो. तेव्हा शेवट रडका आहे का हे तपासत बसू नका, ओळख कुठे पटते ते शोधा.

प्रयोगाची माहिती थोडकी पण नेमकी हवी. अथेन्समध्ये वसंतातल्या डायोनिसस उत्सवात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उजेडी प्रयोग होत. तीन कवी, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटरनाट्य, म्हणजे थट्टामस्करीचं नाटक. नट सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. बोलणारे नट आधी एक, एस्किलसनं दोन केले, सोफोक्लीसनं तीन, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. कोरस म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, तो बारा जणांचा, पुढे पंधरांचा. आणि अनुवादात कंसात ज्या रंगसूचना दिसतात (‘रागानं जातो’, ‘गुडघे टेकतो’) त्या अनुवादकानं घातलेल्या असतात. त्यांच्यावर युक्तिवाद उभारू नका.

दुसऱ्या वाचनाला कागदावर उभे रकाने आखा: ओळी, रंगमंचावर कोण, कोण बोलतं, कोण गप्प. नाटक प्रोलोग, कोरसचा प्रवेश म्हणजे पॅरोडॉस, मग प्रवेश आणि कोरसगीत आलटूनपालटून, शेवटी एक्सोडॉस, असं चालतं. ते भाग डावीकडे लिहा. हा तक्ता अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यातून जे दिसतं ते कुठल्याच गाइडात नसतं. आगामेम्नॉनमध्ये ७८३ ओळीच्या सुमारास राजा रथातून येतो तेव्हा ट्रॉयहून बंदिवान करून आणलेली कॅसेंड्रा त्याच्याबरोबर असते. त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा जांभळी वस्त्रं अंथरते, राजाला त्यावरून चालायला लावते, राजा आत जातो, ती परत येऊन कॅसेंड्राला आत चल म्हणते, तरी कॅसेंड्रा गप्प. तिसरा नट नुकताच रूढ झालेला. ही नुसती मूक व्यक्तिरेखा आहे असं प्रेक्षकांना वाटलं असेल. १,०७२व्या ओळीला तिच्या तोंडून शब्द येत नाही, किंकाळी येते. सुमारे २९० ओळींचं मौन, पण नुसतं वाचताना ते जाणवतच नाही, कारण गप्प माणसाचं नाव पानावर छापलेलं नसतं.

कोरसची गीतं गाळू नका. ती कठीण वाटतात कारण अनुवादात चाल आणि नाच दोन्ही गेलेलं असतं. प्रत्येक गीताला एकच प्रश्न विचारा: हे नेमकं कुठल्या दोन प्रवेशांच्या मध्ये ठेवलं आहे? तुमच्या कॉलेजात मेडियाऐवजी ‘अँटिगनी’ असेल तर ३३२व्या ओळीपासूनचं माणसाबद्दलचं गीत असंच वाचा. त्यातला कळीचा शब्द दाइनॉस म्हणजे अचाटही आणि भीतिदायकही. आपण ‘भयंकर हुशार’ म्हणतो तेव्हा जवळजवळ तेच करतो. अँटिगनीच्या भावाचं प्रेत कुणीतरी पुरलं ही बातमी आल्यावर आणि अँटिगनीला पकडून आणण्याच्या आधी हे गीत येतं.

ईडिपसमधला एक उतारा जवळून पाहू, कारण सगळी पद्धत त्यात दिसते. ७०७व्या ओळीपासून जोकास्टा नवऱ्याला धीर देते: भविष्यवाण्या खोट्या असतात. तिचा आधीचा नवरा लाइअस, त्याला मुलाच्या हातून मरण होतं म्हणे, पण त्याला तिठ्यावर परक्या दरोडेखोरांनी मारलं (७१६). आणि मुलाचं म्हणाल, तर तीन दिवसही झाले नव्हते, बापानं त्याच्या पायांचे सांधे जखडून त्याला डोंगरावर टाकवलं (७१८). दोन ओळींच्या अंतरानं दोन पुरावे. ईडिपस दचकतो तो तिठ्यावर. पायांचं वाक्य त्याच्या कानांवरून जातं, आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘सुजलेल्या पायाचा’ आहे. मग १,०३२व्या ओळीला करिंथहून आलेला दूत म्हणतो, तुझ्या पायांचे सांधेच साक्ष देतील. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच, आर्थ्रा. हे ऐकताना जोकास्टा बाजूला उभी आहे, आणि तक्ता केला असेल तर दिसेल की दूत बोलत असताना ती सत्तरेक ओळी गप्प आहे. तिला आधी कळतं, त्याला नंतर. पुढे १,२७०व्या ओळीला ईडिपस तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना स्वतःच्या डोळ्यांत खुपसतो, तिथे डोळ्यांसाठी सोफोक्लीसनं तोच आर्थ्रा शब्द वापरला आहे. बऱ्याच इंग्रजी अनुवादांत तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द होतात. ग्रीक येत नसलं तरी पर्सियस या फुकट संकेतस्थळावर मूळ ओळ आणि शब्दार्थ समोरासमोर पाहता येतात. नाटकागणिक असे दोन-तीन शब्द तपासले तरी पुरे.

अ‍ॅरिस्टॉटलबद्दल तीन गोष्टी. हामार्तिया म्हणजे ‘स्वभावदोष’ नाही. इलियडमध्ये भाल्याचा नेम चुकतो तिथे याच धातूचं क्रियापद येतं. म्हणजे चूक, बहुतेक वेळा न कळून झालेली. ‘ईडिपस गर्विष्ठ होता म्हणून पडला’ हे उत्तर त्यामुळेच कच्चं. ह्युब्रिस हा तर अथेन्समध्ये दुसऱ्याची अवहेलना करण्याचा कायदेशीर गुन्हा होता, नुसता गर्व नव्हे. कथार्सिस (शब्दशः शुद्धी) हा शब्द त्यानं केलेल्या शोकांतिकेच्या व्याख्येत येतो, पण तिथे त्याचा खुलासा नाही, तेव्हा त्यावर दोन पानं भरू नका, आणि ‘म्हणजेच आपला करुण रस’ असंही लिहू नका. स्थळाची एकता, म्हणजे सगळं नाटक एकाच जागी घडावं हा नियम, त्याच्या ग्रंथात नाहीच.

मेडियाला (इ.स.पू. ४३१, स्पर्धेत तिसरा क्रमांक) त्याचा आक्षेपच उपयोगी पडतो. शेवट यंत्रानं केला, कथानकातून आला नाही, अशी त्याची तक्रार पंधराव्या प्रकरणात आहे. ते यंत्र म्हणजे नटाला उचलून वर धरणारी यारी, सहसा देवांना वर दाखवायला वापरत. मुलांना मारून मेडिया तिथे, सूर्याच्या रथात उभी राहते आणि तिचा नवरा जेसन खाली. तक्रार मांडा, मग हे चित्र मांडा. उत्तर तयार आहे.

लिहिताना दीड हजार शब्दांच्या निबंधाला एक दावा आणि तीन उतारे, प्रत्येकातून दोन ते चार ओळींचं अवतरण. उताऱ्यावरच्या टिपणात आधी दोन वाक्यांत जागा सांगा: कोण, कुणाला, आत्ताच काय घडलं. मग शब्द आणि प्रतिमा. शेवटी यातून पुढे काय उलगडतं. ‘ईडिपसला नियतीनं फसवलं’ हा दावा नाही, कारण तो कुठल्याच ओळीवर टेकत नाही. ‘ईडिपसला सत्य कळतं ते प्रत्येक वेळी त्याला धीर द्यायला आलेल्या माणसाकडून’ हा दावा आहे: जोकास्टा एक, करिंथचा दूत दोन. तिसरं उदाहरण शोधायला गेलात की थेबेसचा म्हातारा मेंढपाळ आडवा येतो. तो धीर द्यायला आलेला नाही, त्याला धमकावून बोलतं करावं लागतं. तेव्हा निबंधाचा तिसरा परिच्छेद त्याच्यावरच लिहा आणि दावा तिथे कसा बदलावा लागतो ते दाखवा.